लहान पापलेटचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठली की ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, मढ इथून बोटी सुटतात, आणि काही दिवसांतच बाजारात पापलेट दिसायला लागतं. मोठ्या पापलेटचा भाव विचारून आपण पुढे सरकतो आणि तळहातावर मावेल असं लहान घेतो. कोळीणही म्हणते, "घे ना दादा, ताजं हाय." स्वस्तात मिळालं म्हणून आपण खूश. आज मी या स्वस्ताईचाच हिशोब मांडणार आहे.

समजा, एक पापलेट ६० ग्रॅमचं आहे. म्हणजे किलोत सोळा-सतरा बसतात. ते आज पकडले नाहीत, तर त्यातले काही दुसऱ्या माशांच्या पोटात जातील, काही मरतील. निम्मे गेले असं धरू. उरलेले आठ वाढून ३०० ग्रॅमचे झाले, तर वजन भरेल २ किलो ४०० ग्रॅम. शिवाय मोठ्या पापलेटला किलोमागे भावही कितीतरी जास्त. तो तिप्पट धरला, तर आज जितक्या रुपयांचा माल उचलला असता, त्याच्या सातपट माल समुद्रानं फुकटात तयार करून दिला. मधल्या काळात माद्यांनी अंडी घातली, ती वेगळीच. हे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, पण हिशोबाची दिशा खरी आहे. असं व्याज कुठली बँक देते?

मग तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, थांबत का नाही? त्याला हे कळत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा कोळीवाड्यात जाऊन बसावं. मासा कुठे वाढतो, कधी अंडी घालतो, हे तांडेलाला आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. त्याची अडचण वेगळी आहे. त्यानं आज सोडलेला मासा उद्या त्याचा राहत नाही. तासाभरानं मागून येणारी बोट तोच मासा उचलते. थांबण्याचा खर्च याच्या पदरात आणि फायदा दुसऱ्याच्या. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञानं हेच मांडलं: ज्या साठ्यावर कुणाची मालकी नाही आणि ज्यात उतरायला कुणाला अटकाव नाही, तिथे नफा दिसतोय तोवर बोटी वाढत जातात, आणि तो नफा पुरता संपेपर्यंत वाढत राहतात. समुद्रानं दिलेली कमाई शेवटी डिझेल, बर्फ, जाळी आणि इंजिनाचे हप्ते यांत विरून जाते. पूर्वी जवळ मिळणारी मासळी आता लांब जाऊन शोधावी लागते. खेप लांबली की बर्फ जास्त लागतं, बर्फ वाढलं की बोट मोठी हवी, बोट मोठी झाली की कर्ज मोठं. कर्ज डोक्यावर असलेला माणूस लहान मासा परत पाण्यात टाकत नाही.

आपला समुद्र मात्र पूर्वी असा मोकाट नव्हता. उत्तन, वसई, मढपासून वर पालघर-डहाणूपर्यंत डोलीच्या, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांसाठी समुद्रात खुंट मारतात, त्याला कव म्हणतात. कुठल्या गावाची कव कुठे, हे ठरलेलं असे. दुसऱ्याच्या हद्दीत कव मारली की भांडण, आणि मग पंचांची बैठक. वसईकडच्या आणि वरच्या बाजूच्या गावांमधला कव मारण्याचा वाद किनाऱ्यावर सर्वांना माहीत आहे. हा वाद म्हणजे मागासलेपणा असं काही अधिकाऱ्यांना वाटतं. मला उलट वाटतं. भांडायला हद्द शिल्लक आहे, याचा अर्थ कुणाला तरी ती जागा आपली वाटते. जिथे ट्रॉलर (मागे जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्यानं वेढणाऱ्या बोटी) कुठूनही येऊन जाळं टाकतात, तिथे पंचांनी बसवायचं तरी कुणाला?

म्हणून सगळा दोष यांत्रिक बोटींचा आणि पारंपरिक मच्छीमार निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. डोलीचं जाळं बोंबील आणि जवळ्यासाठी असतं, त्याचे आस, म्हणजे जाळीची भोकं, बारीक असतात. प्रवाहाबरोबर पापलेटची पिल्लंही त्यात येतात. मत्स्यशास्त्रज्ञ हे अनेक वर्षं सांगत आलेत. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. सभेत बोललं तर टाळ्या पडत नाहीत.

आता सरकारनं काय केलं ते पाहू. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापुढे केंद्राची. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले: हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, आणि परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करत १८२ वर आणायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर आणि दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढण्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर. केरळनं असा नियम २०१५ पासूनच सुरू केला होता.

कागदावर सगळं आहे. पण ७२० किलोमीटरचा किनारा आणि मोजक्या गस्ती नौका. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनही उडू लागले. ड्रोनला बोट दिसते, दिवा दिसतो, हद्द ओलांडलेली दिसते. बोटीच्या खणात बर्फाखाली पडलेलं पापलेट १३५ मिलिमीटरचं आहे की ११० चं, हे त्याला कसं दिसणार?

याहून अवघड गाठ पैशांची आहे. मच्छीमाराच्या खेपेत सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. त्यावरच्या व्हॅटचा परतावा राज्य सरकार सहकारी सोसायट्यांमार्फत देतं. तो वेळेवर मिळत नाही, ही प्रत्येक सोसायटीची तक्रार, आणि ती रास्त आहे. पण या परताव्याची रचना पाहा. जितके लिटर जाळाल, तितका परतावा. एका हातानं आपण सांगतो, मासे कमी पकडा. दुसऱ्या हातानं जास्त फिरणाऱ्याला जास्त पैसे देतो. पागेरा, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही, कारण त्याच्याकडे इंजिनच नाही.

परतावा उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. तसं झालं तर सगळ्यात आधी खार दांड्यातली, गोराईतली लहान बोट बसेल. मोठा मालक तग धरेल. तेवढीच रक्कम लिटरवर न देता परवाना असलेल्या बोटीला आणि तिच्यावरच्या खलाशांना ठरावीक रकमेत द्यावी, आणि ती बंदीच्या दोन महिन्यांत हातात पडावी. आज त्या काळासाठी केंद्राची जी बचत-मदत योजना आहे, तिच्यात मच्छीमाराचे १,५०० आणि सरकारचे ३,००० मिळून ४,५०० रुपये तीन महिन्यांत मिळतात. मुंबईत या पैशांत एका खोलीचं महिन्याचं भाडंही निघत नाही. डिझेलचा पैसा इकडे वळवला, तर सरकारला एक रुपयाही जास्त न घालता बंदी सुसह्य होते आणि जास्त फिरण्याचं आमिषही जातं. जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला, तेव्हा लहान मच्छीमारांचं अनुदान तोडू नका, अशी भारताची भूमिका होती. भूमिका योग्यच. पण लहान मच्छीमाराच्या नावावर दिलेला पैसा लिटरच्या मापानं मोजला की तो मोठ्याकडे वाहतो, हे आपण घरात तरी मान्य करायला हवं.

अजून एक धागा उद्योगाचा. जी मासळी ताटात जात नाही, ती वाळवून कुटी होते आणि कारखान्यात भुकटी होऊन कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. या मागणीमुळे अगदी बोटभर पिल्लालाही किलोचा भाव मिळतो. भाव नसता, तर ते वर्गवारी करून आणण्याची मेहनत कुणी घेतली नसती. म्हणजे लहान मासा मरतो आणि त्यावर बाजारही उभा राहतो. किमान लांबीचा नियम मासळी बाजारातल्या टोपलीला लावला आणि कुटीच्या गोणीला सूट दिली, तर लहान मासा फक्त रस्ता बदलेल.

वरळीचा उल्लेख टाळता येत नाही. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून बोटी जाव्यात म्हणून तिथल्या कोळ्यांनी किती वर्षं झगडा केला. शेवटी खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करावं लागलं. किनाऱ्याजवळची मासेमारीची जागा अशी आकसत गेली की लहान बोटीला पुढे जावं लागतं, आणि मग डिझेलचा हिशोब पुन्हा तिथेच येतो.

मग लहान पापलेटला कुठे अडवायचं? समुद्रात अडवणं महाग आहे, पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: समुद्र अफाट असला तरी मासळी उतरते मोजक्याच ठिकाणी. १८७५ पासून ससून डॉकमध्ये पहाटे बोटी लागतात, माल उतरतो, लिलाव होतो. दलालाची चिठ्ठी आजही फाटते, वजन आजही होतं. त्याच चिठ्ठीवर आकाराचा एक रकाना वाढवला आणि लिलावात एका पाटीतले मूठभर मासे पट्टीवर ठेवून पाहिले, तर महिन्याभरात कुठलं जाळं किती पिल्लं आणतं, हे कागदावर येईल.

यावर तांडेलाचं उत्तर मला माहीत आहे. जाळं वर आलं तेव्हा मासा मेलेलाच होता, आता फेकून काय उपयोग? त्याचं खरं आहे. म्हणून एकेका माशामागे दंड लावून भागणार नाही, तसं केलं तर पिल्लं बंदराबाहेरच फेकली जातील आणि आकडा चांगला दिसेल. पाहायचं ते जाळं. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस हवेत. चौकोनी आस ओढताना मिटत नाहीत, त्यातून पिल्लं निसटतात. ही तपासणी बोट धक्क्याला लागलेली असताना, दिवसाउजेडी, साध्या मोजपट्टीनं होते. त्यासाठी गस्ती नौका लागत नाही.

आणि हे करताना कारवाईची सुरुवात कोळणीच्या टोपलीपासून करू नये, एवढं माझं आग्रहाचं मत आहे. लिलावात जे आलं तेच तिनं घेतलं. जाळं तिचं नव्हतं, परतावा तिला नव्हता. पहिली चिठ्ठी ज्याच्या नावानं फाटते, विचारणा त्यालाच व्हायला हवी.

नमस्कार.