घोड्याच्या ट्रेलरसाठी जुनी फोर बाय फोर घेताना

मंडळी, ट्रेलर ओढायला जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) घ्यायला निघालेला घोडेवाला पहिल्यांदा विचारतो, ‘किती बीएचपीची, किती ताकदीची बघू?’ माझं म्हणणं, गाडी बघायला नंतर जा, आधी वजनकाट्यावर जा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की काट्यांची वाण नाही. ट्रेलर रिकामा तोला, मग घोडे चढवून तोला. दोन्ही पावत्या खिशात ठेवा आणि मग बाजारात उतरा.

हिशोब साधारण असा बसतो. दोन घोड्यांचा, इथेच अँगल आणि पत्र्यात बनवलेला ट्रेलर रिकामा १००० ते १२०० किलो भरतो. मारवाडी घोडा ३५० ते ४५० किलोचा, म्हणजे दोन घोड्यांचे ८०० धरा. कडबा, पाण्याचे कॅन, खोगीर आणि किरकोळ सामान मिळून आणखी शंभर. बेरीज १९०० ते २१०० किलो. एकाच घोड्याचा हलका ट्रेलर असेल, तर सगळं मिळून तेराशेच्या आत बसवता येतं. तुम्ही कुठली गाडी घ्यायची ते या दोन आकड्यांवर ठरतं, बीएचपीवर नाही.

एवढं वजन ओढायला आज कुठलंही डिझेल इंजिन तयार होईल. प्रश्न थांबवायचा आहे. विटा भरलेला ट्रेलर ब्रेक मारल्यावर निमूट मागे येतो. घोडा उभा असतो, त्याचं वजन उंचावर असतं आणि तोल सावरायला तो पाय फाकवून एका अंगाला रेलतो. ते आठशे किलो तुमच्या मागे डावी-उजवीकडे हलत असतात. गाडी हलकी असेल, तर अशा वेळी ट्रेलर गाडीला चालवतो. परदेशात नवशिक्याला सांगतात की भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेव. आपल्याला ही मर्यादा कायम पाळायला हरकत नाही. गाडीचं रिकामं वजन आरसीवर छापलेलं असतं, ‘अनलेडन वेट’ म्हणून. तेराशेच्या ट्रेलरला सव्वापंधराशे किलोच्या वरची गाडी लागते. एकवीसशेच्या ट्रेलरला भागाकार २४७० वर जातो आणि तिथे बाजारातल्या बहुतेक गाड्या गळतात.

आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे. एक घोडा चढला की आपण तिच्या पुढे गेलेलो असतो. गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे दाबतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात, असा ओव्हररन प्रकार आपल्याकडे फॅब्रिकेटरला जमतो. ट्रेलर निसटला तर ब्रेक आपोआप ओढणारी वेगळी वायरदोरी लावा, आणि ती हुकाच्या बॉलला नको, गाडीच्या चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला अडकवा.

आता गाड्या. पहिली चाळणी चॅसीची. शिडीसारखी वेगळी चॅसी असलेलीच घ्या. डस्टर, कंपास, एक्सयूव्ही ५०० यांना ऑल व्हील ड्राइव्ह मिळतो, चिखलातून निघतातही, पण त्यांची बॉडी आणि चॅसी एकच. टो-बार (ट्रेलर जोडायचा दांडा) धरायला सलग लांब बीम मागे मिळत नाही. या कामाला त्या नकोत.

दोन घोड्यांसाठी जुन्या बाजारात माझ्या मते खरी निवड दोनच. फोर्डची एन्डेव्हर ३.२ लिटर: वजन २४०० च्या आसपास, टॉर्क (ओढायचा जोर) ४७० एनएम, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिलिमीटर. हीच गाडी परदेशात एव्हरेस्ट नावाने तीन टनांच्या ट्रेलरसाठी मान्य आहे. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्या मेकॅनिकला विचारा, अमुक पार्ट किती दिवसांत येतो. दुसरी फॉर्च्युनर. २००९ पासूनची ३.० लिटरची ३४३ एनएमची, २०१६ ते २०२० ची २.८ लिटर मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ४५० एनएमची. ही वजनाने आणखी थोडी कमी पडते, तेव्हा दोन घोडे असतील तर हलके घोडे आणि कमी वेग. पार्ट मात्र कुठेही मिळतो.

एका घोड्यासाठी बाजार मोठा आहे. सफारी स्टॉर्म फोर बाय फोर ३२० एनएमची, २०१५ नंतरची व्हॅरिकोर ४०० इंजिनची असेल तर ४०० ची. फॉर्च्युनरच्या निम्म्याहून कमी पैशांत या कामाला एवढी भारी गाडी मला दुसरी दिसत नाही. इसुझू व्ही-क्रॉस मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर, व्हीलबेस ३०९५, सरळ रस्त्यावर ट्रेलर शांत ठेवते. पण मागे रिकामी असली की ओल्यात तिचं बूड घसरतं. स्कॉर्पिओ फोर बाय फोर चालेल. थार नको. दम आहे तिच्यात, पण व्हीलबेस २४५० मिलिमीटर, आणि आखूड गाडीला मागचा ट्रेलर लवकर डोलवतो. पजेरो स्पोर्ट सुंदर गाडी, पण आता भारतात विकली जात नाही, पार्टांसाठी वणवण होईल.

इथे एक आडवं बोलून घेतो. वर्षातून अकलूजचा घोडेबाजार आणि एखाद वेळी सारंगखेडा, एवढंच करणार असाल तर हे सगळं सोडा आणि टेम्पो भाड्याने घ्या. ट्रेलर महिन्याला दोन-तीन फेऱ्या असणाऱ्यालाच परवडतो. आणि माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीला चालतच येतात, हेही विसरू नका.

फोर बाय फोर लागते कुठे? हायवेवर नाही. पुणे रोडला किंवा हैदराबाद रोडला गाडी टू-हायमध्येच (फक्त मागची चाकं ओढतात) हवी. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या जोडायच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा अॅक्सल एकत्र बांधला जातो. कोरड्या डांबरावर वळताना चारही चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते जमलं नाही की शाफ्ट आणि गिअर पिळवटतात. खरी गरज बाजाराच्या मैदानातल्या काळ्या मातीत, शेतावरच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर, आणि आणखी एके ठिकाणी, जे फारसं कुणी बोलत नाही: मातीच्या चढावर ट्रेलर मागे घेताना. साध्या रिव्हर्समध्ये तो अर्ध्या क्लचवर ढकलावा लागतो आणि पाच मिनिटांत क्लचचा जळका वास येतो. फोर-लो (चारही चाकं, अगदी हळू गिअर) टाकला की क्लच पूर्ण सोडून गाडी मुंगीच्या पावलाने मागे जाते. क्लच प्लेटचा खर्च तिथे वाचतो.

म्हणूनच जुनी गाडी घेताना ही यंत्रणा खरंच चालते का, ते हाताने तपासायचं. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विश्वास नको. वर्षानुवर्षं न वापरल्याने फोर बाय फोर जोडणारी शिफ्ट मोटर अडकलेली असते, पुढच्या चाकांच्या हबमध्ये ग्रीस सुकलेलं असतं, कधी आवाज करतो म्हणून पुढचा शाफ्टच काढून ठेवलेला असतो. खाली वाकून बघितलं तरी शेवटचा प्रकार लगेच कळतो. मग मातीच्या जागेत गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका, चार-पाच मीटर सरळ चालवा, आणि मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. गाडी अडखळल्यासारखी, कुणी मागून धरल्यासारखी चालली पाहिजे. लोण्यासारखी वळली तर पुढचा अॅक्सल लागलेलाच नाही.

पुढच्या चाकांवर हाताने फिरवून लॉक करायचे हब असलेल्या जुन्या गाडीत याहून पक्की परीक्षा आहे. सपाट जागा बघा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. हब लॉक करा, फोर-हाय टाका, इंजिन बंद. आता पुढचं एकच चाक जॅकवर जेमतेम उचला आणि हाताने फिरवून बघा. चार बोटं हलून ते टणकन थांबलं पाहिजे, कारण शाफ्ट मागच्या अॅक्सलला बांधलेला आहे आणि पुढचं दुसरं चाक जमिनीवर आहे. चाक गरागरा फिरलं तर कुठेतरी तुटलंय. ते थांबण्याआधी वीतभर फिरलं, तर शाफ्टचे क्रॉस (सांधे) किंवा अॅक्सलमधले क्राऊन-पिनियन गिअर झिजलेत. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं मात्र नाही.

डिफरन्शियलचा (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) ड्रेन प्लग काढायला मालक नाराज होतो, तरी आग्रह धरा. तेल चिमटीत घेऊन चोळा. प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लेप असेल तर झीज साधी आहे. नखाएवढा कपचा असेल तर गाडी सोडा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून पुढे विकल्या गेल्या असणार, हे धरूनच चाला. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, चिखलाची रेघ पट्ट्यावर राहते. सीटच्या रुळांचा गंज बघा.

क्लचसाठी: तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस-पस्तीसला अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग जिथल्या तिथे, तर क्लच घसरतोय. ट्रेलर लावल्यावर तो महिनाभरही टिकायचा नाही. कूलिंग तपासायला आपल्याकडे तुळजापूरचा घाट आहे. दुपारी, एसी पूर्ण लावून, चार माणसं बसवून चढा. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. इंजिनच्या तापमानाचा काटा बिनट्रेलरचाच मध्याच्या वर सरकत असेल तर रेडिएटर बुजलाय किंवा फॅनचा क्लच गेलाय. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलचा रंग आणि वास घ्या. करपट वास आला की पुढे बोलणी नकोत. उतरताना त्याच घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा आणि ब्रेकचं पेडल थरथरतं का ते पाहा. थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत.

मागची सस्पेन्शन मापायला सिमेंटची तीन पोती पुरतात, बरोबर १५० किलो. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या सात ते दहा टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा, दोन टनांना १४० ते २००. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, पोती डिकीत अगदी मागच्या दरवाज्याला टेकून ठेवा, पुन्हा माप घ्या. पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त बसली तर स्प्रिंग थकलेत. मागून बसलेल्या गाडीची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हवेत गेल्यासारखं वाटतं, आणि रात्री समोरचा शिव्या घालतो, कारण हेडलाइट त्याच्या डोळ्यांत.

याउलट हुकावर भार फारच कमी असेल तर ट्रेलर डोलायला लागतो. ट्रेलर जमिनीला समांतर राहिला पाहिजे. फोर बाय फोरचा हूक उंच बसतो, ट्रेलरचं नाक वर जातं आणि वजन मागे सरकतं, म्हणून बॉल खाली आणणारी प्लेट लागते. एकच घोडा नेताना तो उजवीकडे, चालकाच्या बाजूला बांधा. आपला रस्ता डावीकडे उतरता असतो, वजन डावीकडे गेलं की ट्रेलर साइडपट्टीकडे ओढतो. दोन असतील तर जड तो उजवीकडे.

टायरवर मापानंतर एक आकडा असतो. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १०४ म्हणजे ९००. आधीच्या मालकाने दिसायला रुंद पण कमी आकड्याचे टायर घातलेले असतात, ते बदलून घ्या. टायरवरच्या बनावटीच्या चार आकडी तारखेत ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी या कामाला धरणार नाही.

कागदांचं थोडक्यात. दिल्लीकडून दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्तात येते, पण एनओसी, नव्याने नोंदणी आणि इथला रोड टॅक्स जोडला की स्वस्ताई बरीच उतरते. फॉर्म २८ (एनओसीचा), २९ आणि ३० (मालकीबदलाचे) पूर्ण घ्या, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते. टो-बार आणि ट्रेलर बनवायला टाकण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, नंतर नाही.

टो-बार बंपरला किंवा नुसत्या मागच्या आडव्या पट्टीला वेल्डिंग करून घेऊ नका. चॅसीच्या दोन्ही लांब बीमना, दोन्हीकडे किमान तीन-तीन हायटेन्साइल बोल्टनी, आतून प्लेट लावून बसवा. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर खाली वाकून बघा. रेघ तुटली असेल तो नट फिरलाय, तो टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि नवी रेघ ओढा.