हसायची जागा

नमस्कार मंडळी. फळ्यावर आयोजकांनी "क्विअर चित्रपट महोत्सव: एक ओळख" असा भारदस्त विषय लिहिलाय, क्विअर म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशी सगळी माणसं, पण मी काही अभ्यासक-बिभ्यासक नाही, मी बँकेत काउंटरवर बसतो, तुमच्यातल्या निम्म्या लोकांची पासबुकं मीच भरून दिली असतील. (हशा) फक्त गेली काही वर्षं मुंबईतल्या 'कशिश' नावाच्या अशाच फेस्टिव्हलला नेमानं जातो, एवढीच माझी लायकी.

सुरुवात गणपत पाटलांपासून करतो, तमाशापटांत बायकी हावभावांचा नाच्या करणारे ते. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही, तिथे तमाशापट लागला की सगळी चाळ जमायची आणि गणपत पाटलांनी कमरेवर हात ठेवून "आत्ता गं बया" म्हटलं की खोलीभर हशा. मीही हसायचो, जरा जास्तच मोठ्यानं, कारण मी हसलो नाही तर लोक माझ्याकडे बघतील असं तेव्हा, दहा-अकरा वर्षांचा असताना, मला पक्कं कळलं होतं. आता गंमत बघा, हाच आपला महाराष्ट्र बालगंधर्वांचा शालू बघून तसाच शालू शोधायला जाणारा. म्हणजे पुरुषानं बाई होणं आपल्याला खटकत नव्हतंच, फक्त रडायचं कुठे आणि हसायचं कुठे हे ठरलेलं होतं. मी ज्या फेस्टिव्हलबद्दल बोलतोय तिथे ह्या जागा बदलतात, मला सांगायचंय ते एवढंच.

पहिल्यांदा गेलो २०१४ च्या मे महिन्यात. त्याच्या पाचच महिने आधी, ११ डिसेंबर २०१३ ला, सुप्रीम कोर्टानं दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवला होता, म्हणजे समलिंगी संबंध हा चार-साडेचार वर्षं जो गुन्हा नव्हता तो परत गुन्हा झाला, ३७७ कलम पुन्हा आमच्या डोक्यावर. आणि त्याच वर्षी ह्या लोकांनी फेस्टिव्हल कुठे ठेवावा तर लिबर्टीला! १९४९ सालचं थिएटर, सिंगल स्क्रीन, हजारावर खुर्च्या, आर्ट डेको शैलीची जुनी इमारत, लाकडी नक्षीकाम, आणि नाव लिबर्टी. स्वातंत्र्याच्या सुमाराचं म्हणून ते नाव, पण त्या वर्षी दारावरची ती अक्षरं वाचताना कसं वाटलं असेल बघा.

शनिवार होता, तेव्हा शनिवारी बँक हाफ डे असायची, घरी सांगितलं ऑडिट लागलंय. सीएसटीला उतरलो, मेट्रो थिएटरवरून चालत गेलो. लिबर्टीच्या शेजारी बॉम्बे हॉस्पिटल, ते मला फार सोयीचं वाटलं, कोणी ओळखीचं भेटलंच तर म्हणायचं पेशंट बघायला आलोय. हातात सफरचंदांची पिशवीसुद्धा घेतली होती, खोटं नाही सांगत. (हशा) आत गेलो तर लॉबीत साडी नेसलेले, सूट घातलेले, कुणाच्या कानात झुमके, दोन म्हातारे गृहस्थ एकाच कपातला चहा पीत होते, आणि मी कोपऱ्यात सफरचंदं घेऊन उभा.

सिनेमे बरेच बघितले त्या दिवशी, नावं आठवत नाहीत. एका शॉर्ट फिल्ममध्ये एक मुलगा आईला फोनवर थाप मारतो, मित्राकडे अभ्यासाला आलोय म्हणून. साधा सीन आहे, दुसऱ्या कुठल्याही थिएटरात कोणी पापणी हलवली नसती. इथे अख्खं लिबर्टी खो खो हसलं, बाल्कनीपर्यंत, कारण हॉलमधला अर्धा जमाव तशीच थाप मारून आलेला. मी सुद्धा हसलो, आणि शेजारचा मुलगा मला म्हणाला, "काका, तुम्ही काय सांगून आलात?" मी म्हटलं, ऑडिट. त्याला एक सफरचंद दिलं.

आता थोडी माहिती, नाहीतर आयोजक म्हणतील विषय सोडला. मुंबईत असा प्रयत्न २००३ लाही झाला होता, 'लर्जिश' नावानं. कशिश सुरू झाला २०१० मध्ये, सुरू करणारे श्रीधर रंगायन, ह्यांच्याच 'गुलाबी आईना'ला सेन्सॉरनं सर्टिफिकेट नाकारलं होतं. म्हणून त्यांनी जे केलं ते मला भारी वाटतं: लपूनछपून नाही, माहिती प्रसारण मंत्रालयाची रीतसर परवानगी काढून, मल्टिप्लेक्समध्ये. सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेल्या फिल्म फेस्टिव्हलला दाखवायच्या तर मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, ती कागदपत्रं करत बसणं हे काही क्रांतिकारक दिसत नाही, पण मी बँकेतला माणूस आहे, मला अर्जाची किंमत कळते. समोरच्या दारानं आत जायचं तर आधी अर्जावर शिक्का लागतो.

एक तक्रार मात्र आहे. आपला मराठी माणूस तिथे जरा बुजतो. बोलणं बरंचसं इंग्रजीत, सबटायटल इंग्रजीत, प्रश्नोत्तरं इंग्रजीत, मी तर दोन वर्षं एकही प्रश्न विचारला नाही. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी समपथिक ट्रस्ट काढून ह्या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, ती वाचूनच मला माझ्यासाठी शब्द सापडले, आणि मुंबईत येऊन परत मुका झालो. असो.

२०१८ ला ३७७ मधला तो भाग गेला. कोविडमध्ये फेस्टिव्हल ऑनलाइन झाला, गावोगावच्या पोरांना घरबसल्या बघता आलं हे चांगलंच, पण मी किचनमध्ये हेडफोन लावून बघत होतो आणि एका ठिकाणी एकटाच हसलो, तर आई बाहेरून म्हणाली, कोणाशी बोलतोस रे? फार विचित्र वाटलं.

शेवटचं सांगतो. गेल्या वर्षी, २०२५ ला, रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये मोठं बक्षीस मिळालं, अस्सल मराठी फिल्म, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र. सप्टेंबरात ती साध्या मल्टिप्लेक्सला लागली. मी ताईला घेऊन गेलो, खरं कारण सांगून. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं, मागच्या रांगेत एक आजी आणि त्यांची सून. पडद्यावर ते दोघं जवळ यायला लागले तसा मी खुर्चीत आक्रसलो, कान मागे, आता हसतील, आता हसतील. कोणी हसलं नाही. आजी मात्र मधेच सुनेच्या कानाशी लागून, पण चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "हे असं नसतं गं सुतक, आमच्याकडे वेगळं असतं." आणि मग इंटर्व्हलपर्यंत दोघींचं सुतकावरच चाललं होतं.