मलालाची आई आणि आपल्या गल्लीतल्या आया

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात या घडीला कितीतरी जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता रेडिओ ऐकत असतील, म्हणून रेडिओपासूनच सुरुवात करते. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात मुल्ला फजलुल्ला हा तालिबानी म्होरक्या एफएमवर बोलायचा. लोक त्याला ‘रेडिओ मुल्ला’ म्हणत. शाळा सोडलेल्या मुलींची नावं घेऊन रेडिओवर त्यांचं कौतुक व्हायचं! मग फर्मान निघालं, 15 जानेवारी 2009 पासून मुलींच्या शाळा बंद.

त्याच दिवसांत मलाला युसुफझाई ही अकरा वर्षांची पोर ‘गुल मकई’ या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहीत होती. पुढे 9 ऑक्टोबर 2012 ला, शाळेतून घरी निघालेली असताना, एका तालिबानी बंदूकधाऱ्यानं गाडीत शिरून तिच्या डोक्यात गोळी घातली. ती वाचली. 2014 मध्ये, सतराव्या वर्षी, कैलाश सत्यार्थींच्या बरोबरीनं तिला शांततेचं नोबेल मिळालं.

तिच्यावरचा ‘ही नेम्ड मी मलाला’ हा माहितीपट 2015 मध्ये आला. दिग्दर्शक डेव्हिस गुगनहाइम. तिचं नाव ठेवलं वडिलांनी, झियाउद्दीन यांनी. 1880 मध्ये मैवंदच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध अफगाणांना धीर देणाऱ्या मलालाईवरून. तो भाग चित्रांमधून हलता केलाय, फार देखणा आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या घरात भावांशी भांडणारी, हसणारी मलालाही भेटते. बोलताना अडखळणारे, तरी बोलत राहणारे वडील तर मनात घर करतात. ‘मी काय केलं ते विचारू नका, काय केलं नाही ते विचारा. मी तिचे पंख छाटले नाहीत,’ असं ते एका भाषणात म्हणाले होते.

पण मला या चित्रपटात आई हवी होती, आणि ती फार थोडी दिसते. तूर पेकाई लहानपणी शाळेत गेल्या खऱ्या, पण वर्गात सोबतीला दुसरी मुलगी नव्हती. त्यांनी पुस्तकं विकली आणि त्या पैशांचा खाऊ घेतला. शाळा तिथंच संपली. बर्मिंगहॅमला आल्यावर त्या पुन्हा शिकायला बसल्या.

आपल्या पूर्व भागात ही गोष्ट कुणाला परकी वाटेल? भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. कारखान्यात माल द्यायचा दिवस जवळ आला आणि आकडा भरत नसला, की पोरीला हाक जाते, ‘ये गं, थोडा हात लाव.’ त्या आईला मी दोष देणार नाही. तिच्या हातालाही तिच्या आईनं असंच वळण लावलेलं असतं. तरीही बायांनो, कळकळीनं सांगते, पोरीच्या मांडीवर सूप ठेवू नका. चार विड्या कमी भरतील, भरू द्या.

आणि जिची शाळा सुटलीच आहे तिला, मग ती लेक असो की आई, 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. जवळच्या हायस्कुलात जाऊन चौकशी करा. पोरीचं लग्न अठराच्या आत उरकायचं घाटत असेल, तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. शेजारणीनं लावला तरी चालतो.