८५ डॉलरचं चित्र आणि डेव्हिड मॅन

नमस्कार. बसा बसा, मागे ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी पुढे सतरंजीवर बसलं तरी चालेल. आयोजकांनी मला विषय दिला होता "मोटरसायकल आणि चित्रकला", तो मीच छाटला, कारण तासाभरात काय काय सांगणार. मी एकाच माणसाबद्दल बोलणारे. डेव्हिड मॅन, मोटरसायकलवाल्यांची चित्रं काढणारा अमेरिकन. इथे बुलेटवाले किती आलेत ते बाहेरच्या पार्किंगवरून कळलंच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी याची चित्रं पाहिलेली असणार, टीशर्टवर, टाकीवर, कुणाच्या तरी दंडावरच्या टॅटूत, पण नाव माहीत नसणार. इलस्ट्रेटरच्या नशिबी हे येतंच.

तर १९६३ साल. अमेरिकेत मिझुरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचं शहर आहे, देशाच्या बरोब्बर पोटात, समुद्र कुठल्याही बाजूने लांब. तिथला हा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, जन्म सप्टेंबर १९४०चा. लहानपणापासून गाड्या काढायचा, मोठा झाल्यावर लोकांच्या गाड्यांवर पिनस्ट्रायपिंग करायचा, म्हणजे त्या बारीक रंगीत रेघा मारतात ना ते काम. मग मित्राबरोबर कॅलिफोर्नियात जाऊन आला, तिथे त्याने चॉपर, म्हणजे कापून-छाटून बदललेल्या मोटरसायकली, पाहिल्या आणि त्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. परत येऊन १९४८ची हार्ले घेतली आणि घरी बसून एक चित्र रंगवलं, हॉलीवूड रन. त्यात बायकर्सची टोळी. ते चित्र आणि आपली गाडी घेऊन पठ्ठ्या कॅन्सस सिटीच्या कस्टम कार शोमध्ये गेला. तिथे त्याला टायनी नावाचा एक बायकर भेटला, त्याने चित्राचा फोटो थेट लॉस एंजेलिसला एड रॉथला पाठवला. हा रॉथ म्हणजे 'बिग डॅडी' रॉथ, विचित्र आकाराच्या गाड्या बनवणारा, रॅट फिंक नावाचा तो डोळे बाहेर आलेला हिरवा उंदीर ज्याचा, तो. त्याने चित्र विकत घेतलं. ८५ डॉलरला. आणि अजून काढ म्हणाला, त्याची पोस्टर छापली आणि विकली.

आता इथे थांबून एक गोष्ट बघा, मला ती फार महत्त्वाची वाटते. मॅन तेव्हा कुठल्याही मोटरसायकल क्लबात नव्हता. एल फोरास्तेरो नावाच्या क्लबात तो गेला १९६५ला. म्हणजे टोळीबरोबर राइडला जाणं, रात्री रस्त्याकडेला मुक्काम ठोकणं, पोलिसांशी वाजणं, हे सगळं आयुष्य त्याने आधी रंगवलं आणि मग जगायला गेला. आपण समजतो की कलाकार जगतो, अनुभव घेतो आणि मग काढतो. इथे उलटं झालंय आणि पुढेही त्याच्या बाबतीत कायम उलटंच होत राहिलं, ते सांगतोच.

त्याआधी चॉपर हा प्रकार काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण इथे कॉलेजची मुलंही आहेत आणि त्यांना ती फक्त लांब दांड्याची गाडी वाटते. दुसऱ्या महायुद्धात हार्लेने लष्करासाठी हजारोंनी गाड्या बनवल्या, युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच स्वस्तात बाजारात आल्या. घरी परतलेली सैनिक पोरं, नोकरीत मन लागत नाही, रात्री झोप नाही, त्यांनी त्या घेतल्या आणि जे जे जड ते कापून टाकलं, पुढचा मडगार्ड काढ, मागचा अर्धा कर, सीट खाली आण. आधी हे वेगासाठी होतं. नंतर दिसण्यासाठी झालं, पुढचं चाक धरणारा चिमटा लांब लांब होत गेला, हँडलबार डोक्याच्या वर गेला, टाकी शेंगदाण्याएवढी झाली, मागचे शॉकअपच काढून टाकले. आता पुढचं चाक जितकं पुढे पसराल तितकी गाडी सरळ रस्त्यावर रूळ टाकल्यासारखी जाते, पण हळू वेगात वळवायला गेलात की हँडल जड होऊन एका बाजूला पडायला बघतं. आपल्या पेठांतल्या बोळात चॉपर म्हणजे शिक्षाच आहे. पण तिकडे १९५६च्या कायद्यानंतर इंटरस्टेट हायवे बांधायला घेतले, तासन् तास सरळ रस्ता, वळणच नाही. ही गाडी त्या रस्त्याने घडवलीये. मॅनच्या चित्रांत तो रस्ता लांबवर क्षितिजापर्यंत जातो आणि वर सगळं आभाळ, जांभळं गुलाबी नारिंगी, हे नुसतं बॅकग्राउंड म्हणून भरलेलं नाही. रस्ता तसा नसता तर गाडीही तशी नसती.

आणि बायकर म्हणजे गुंड ही प्रतिमा कुठून आली? १९४७चा जुलै, कॅलिफोर्नियातलं हॉलिस्टर नावाचं छोटं गाव, मोटरसायकलवाल्यांचा मेळावा, अपेक्षेपेक्षा खूप जास्त माणसं आली, दारू झाली, थोडी मारामारी झाली. लाइफ मासिकात एक फोटो छापून आला, एक जाडा माणूस हार्लेवर बसलाय, हातात बिअर आणि गाडीखाली बाटल्यांचा खच. त्या बाटल्या फोटोसाठी गोळा करून मांडल्या होत्या असं तिथे हजर असलेल्या एकाने पुढे सांगितलं. पण तोवर एका फोटोने काम करून टाकलं होतं. मला नेहमी वाटतं की मॅनची सगळी कारकीर्द म्हणजे त्या एका फोटोला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. त्याने बायकरला साधू केलं नाही, त्याच्या चित्रातही दारू आहे, राडा आहे, तुरुंग आहे, पण त्याच्या बरोबरीने रस्त्याकडेला बंद पडलेली गाडी आहे, पाना हातात घेऊन बसलेला माणूस आहे, मित्र आहेत, गंमत आहे. म्हणून त्याला बायकरांचा नॉर्मन रॉकवेल म्हणतात. रॉकवेल म्हणजे तो, ज्याने सॅटर्डे इव्हनिंग पोस्टच्या मुखपृष्ठांवर अमेरिकन मध्यमवर्गाचं सुखी घर रंगवलं. मॅनने त्या घरातून बाहेर पडलेला मुलगा रंगवला.

१९७१ला त्याने एका मासिकातली जाहिरात वाचली. ईझीरायडर्स नावाचं नवं मासिक, तिसराच अंक होता, आणि त्यांना चित्रकार हवे होते. याने अर्ज केला. तिथून पुढे तीस वर्षांच्या आसपास महिन्याच्या महिन्याला मधल्या दोन पानांवर याचं चित्र. दर महिन्याला! इथे जे कमर्शिअल आर्टवाले बसलेत त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो. मूड नाही, पाठ दुखतेय, घरात भांडण झालंय, काही असो, तारखेला चित्र गेलंच पाहिजे.

आणि मधल्या पानाची स्वतःची एक कटकट असते. बरोबर मधून घडी जाते आणि घडीवर पिना असतात. चेहरा तिथे आला तर नाकात पिन. त्यामुळे मधल्या पानाचं चित्र काढणारा आधी मध्य मोकळा सोडायला शिकतो. शिवाय पान आडवं, खूप आडवं. आता आडव्या पानावर काय छान बसतं? रस्ता. मोटरसायकल बाजूने बघितली तर तीही आडवीच. म्हणजे छपाईची अडचण आणि विषय यांचं जमून गेलं, आणि लोक पिना काढून ते पान भिंतीला चिकटवायला लागले, गॅरेजात, बारमध्ये, खोलीत. आपल्याकडे दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेला दिवाळी अंक रद्दीत जायचा नाही, निदान आमच्या घरी तरी आजी जाऊ द्यायची नाही, तसंच हे. गॅलरीत एकदाही पाऊल न टाकलेल्या माणसाच्या घरात खरं चित्र असणं ही छोटी गोष्ट नाहीये आणि समीक्षकांनी याकडे जे नाक मुरडलं ते मला कधी पटलं नाही.

त्याचा वाचक मात्र समीक्षकापेक्षा कडक होता. हे सगळे स्वतः इंजिन खोलणारे लोक. हार्लेची १९३६ ते ४७ची इंजिनं वेगळी, ४८ ते ६५ची वेगळी, पुढची वेगळी, आणि ती नुसत्या हेडच्या झाकणावरून ओळखता येतात, नकलहेड, पॅनहेड, शोव्हलहेड. चुकीच्या फ्रेमवर चुकीचं झाकण काढलं असतं तर लोकांनी सोडलं नसतं. मॅन स्वतः पॅनहेड चालवत होता, त्यामुळे त्याचं आभाळ कितीही स्वप्नाळू असलं तरी त्याखालचं इंजिन चालू होईल असं असतं. तेल कुठून जातं, चेन कुठे आहे, सगळं जागच्या जागी. माझ्या मते त्याचं खरं बळ यात आहे, एका चित्रात दोन प्रकारचं खरेपण, खाली नटबोल्ट आणि वर स्वप्न.

याचं सगळ्यात गाजलेलं चित्र आहे घोस्ट रायडर. कॉमिकमधला तो पेटलेल्या कवटीचा हिरो नव्हे, ते वेगळं प्रकरण. यात एक बायकर एकटा चाललाय आणि त्याच्या शेजारून, आरपार दिसणारा, घोड्यावर भरधाव सुटलेला काउबॉय. बस, एवढंच. एकही शब्द न लिहिता चित्र सांगतं की हा त्याचा वारस आहे. भिडतं, मलाही भिडतं. पण जरा चिमटा काढून बघू या. खरा काउबॉय हा पगारी मजूर होता, दुसऱ्याची गुरं हाकायचा, ते हाकण्याचे भरभराटीचे दिवस यादवी युद्धानंतरची जेमतेम वीसेक वर्षं, आणि त्यात काळे आणि मेक्सिकन लोक भरपूर होते. चित्रातला काउबॉय सिनेमातून आलेला आहे. आणि बायकरचंही तेच. १९६९च्या 'ईझी रायडर' या प्रसिद्ध सिनेमातली अमेरिकेच्या झेंड्याच्या टाकीवाली चॉपर घडवण्यात क्लिफ वॉज आणि बेन हार्डी ही दोन काळी माणसं होती, सिनेमात त्यांचं नावसुद्धा आलं नाही. मॅनच्या रस्त्यावर असे लोक जवळजवळ दिसतच नाहीत. बायका दिसतात, मागच्या सीटवर, कमी कपड्यांत, गाडी चालवताना क्वचित. साठच्या दशकातल्या टोळ्यांत नाझींची चिन्हं मिरवायची फॅशन होती, लोकांना डिवचायला म्हणून, ते काही गोड मानून घ्यायची गरज नाही. हे सांगितल्याने मॅन लहान होत नाही. तो स्वप्न काढत होता आणि कुणाच्या स्वप्नात कोण येतं आणि कोण येत नाही हे बघायलाच हवं.

आता ते उलटं होण्याबद्दल. मॅनच्या चित्रांत गाड्यांचे जे आकार होते, तो टाकीचा उतार, तो सिसी बार म्हणजे सीटमागचा उंच दांडा, तो रंग, ते बघून गॅरेजवाल्यांनी खऱ्या गाड्या बांधल्या. भिंतीवर पान, खाली वेल्डिंग. कस्टम गाड्या बांधणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या पानांवर शिकल्या. म्हणजे तो जे बघत होता तेच काढत होता असं म्हणायची सोयच राहिली नाही, कारण काही वर्षांनी रस्त्यावर जे दिसायचं तेच मुळी त्याच्या कागदावरून उतरलेलं असायचं.

(मागून प्रश्न: आपल्याकडे अशी गाडी चालवता येईल का?) येईल ना, पहिल्या सिग्नलपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. मॅनच्या चित्रातली एकही गाडी आपल्या आरटीओतून पास होणार नाही. म्हणून आपल्याकडे चॉपर जास्त करून बाइक वीकसारख्या मेळाव्यात मांडून ठेवलेली दिसते, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात.

मॅन गेला ११ सप्टेंबर २००४ला, चौसष्टावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच वर्षी अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, जिथे रेसर असतात, इंजिनिअर असतात, कंपन्या काढणारे असतात, तिथे हा ब्रशवाला. आता प्रोजेक्टर लावू या. आधी हॉलीवूड रन दाखवतो, मग घोस्ट रायडर. पहिल्यात माणसं मोजा आणि मग दुसऱ्यात मोजा, आणि हा माणूस घोळक्यातून एकटा कधी झाला असेल त्यावर मला तुमचं ऐकायचंय, मी तासभर बोललोय.