मी जातो, मी जाते

[दृश्य : बेळगावचं बसस्थानक, पहाट. पाट्या कन्नड, बाकांवरच्या गप्पा मराठी.]

मराठीत ‘मी निघालो’ म्हटलं की पुरुष, ‘मी निघाले’ म्हटलं की बाई. कन्नडमध्ये ‘नानु होगुत्तेने’ हे दोघंही म्हणतात. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या या पट्ट्यात ट्रान्स व्यक्तीचं, म्हणजे जन्मताच मुलगा किंवा मुलगी ठरवलं पण मन तसं मानत नाही अशा माणसाचं, बाजारात निभावतं. अडतं ते घरी, क्रियापदाशी.

त्यात इथल्या बोलीची एक गंमत आहे. निपाणी-चिक्कोडीकडच्या कितीतरी मुली सर्रास ‘मी जातो’, ‘मी खातो’ म्हणतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून मुलगी म्हणून वाढलेला, पण मनानं मुलगा असलेला वर्षानुवर्षं खपून जातो. मुलगा म्हणून वाढलेली मात्र एकदा ‘मी जाते’ म्हणाली की सगळं घर वळून बघतं.

स्वतःला पारखायचं असेल तर सुरुवात म्हणून आधी एकट्यानं, मोठ्यानं बोलावं. ‘मी आले. मी जेवले. मी दमले.’ मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकावं. पहिल्यांदा आवाज परका वाटतो; त्यावरून काहीच ठरवू नये. मग एकाच विश्वासू माणसाबरोबर तेच बोलून बघावं. कित्येकांना स्वतःची खात्री इथेच पटते, डॉक्टरच्या खोलीत नाही.

[दृश्य : ट्रंक, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कागद.]

घरी सांगण्याआधी तीन गोष्टींची तजवीज हवी. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड, टीसी आणि आधार आपल्या ताब्यात. बँकेचं खातं आपल्या नावावर आणि त्याला आपलाच मोबाईल नंबर. वडिलांचा असला की ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि पैसे असून हात रिकामे. तिसरी, दोन-चार रात्री अंग टेकायला जागा. भडका उडाला की आधी फोन आणि कागद काढून घेतले जातात, म्हणून ही तयारी. शिक्षण आणि जेवण घरावरच अवलंबून असेल तर थांबण्यात भित्रेपणा नाही. लग्नघरात, जत्रेत, भावकी जमलेली असताना तर सांगूच नये. तिथे आईवडिलांना तुमच्यापेक्षा पाहुण्यांची काळजी जास्त असते.

शब्दही जपून निवडावे लागतात. ‘तृतीयपंथी’ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर टाळी वाजवत पैसे मागणारा घोळका येतो. ‘पारलिंगी’ हा शब्द तिनं ऐकलेला नसतो. कन्नडमधला ‘मंगळमुखी’ मानाचा, पण तोही एका समूहाचा. त्यापेक्षा ‘आई, लहानपणापासून मला मी मुलगीच वाटते’ हे साधं वाक्य चालतं. ‘तुझ्या वाढवण्यात काही चुकलं नाही’ हे लगेच जोडावं, कारण तिच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो.

[दृश्य : सौंदत्तीचा डोंगर. भंडारा. लांबून चौंडकं वाजतंय.]

पुष्कळ घरांत यानंतर सौंदत्तीचं नाव निघतं. देवीनं धरलंय, यल्लम्माला सोडा. जोगप्पांची, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या, साडी नेसून गाणाऱ्यांची परंपरा इथली, जुनी. तिनं अनेकांना साडी दिली, मान दिला, पोट भरायला गाणं दिलं. मंजम्मा जोगती याच परंपरेतल्या. 2019 मध्ये कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री. पण ज्याला कॉलेज करायचं आहे, दुकान काढायचं आहे, त्याच्या डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची परडी) ठेवून घर मोकळं होत असेल, तर ती भक्ती नाही, सुटका आहे. घरच्यांची. जोगप्पा होणं ही एक वाट. स्वतःहून धरली तरच आपली.

दुसरं टोक म्हणजे ‘बरं करून देणारा’ डॉक्टर. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ट्रान्स असणं हा मनाचा आजार नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असले ‘उपचार’ डॉक्टरचं गैरवर्तन ठरवले. जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.

सर्वांत जास्त चुकतं ते मेडिकलच्या दुकानात. शरीर बाईसारखं व्हावं म्हणून गर्भनिरोधक गोळ्या पाकिटंच्या पाकिटं घेतल्या जातात. त्यांतल्या एथिनिल एस्ट्राडिओल या कृत्रिम इस्ट्रोजेननं (स्त्री-हार्मोननं) रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सिगारेट असेल तर आणखी. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, वेगळं इस्ट्रोजेन देतात आणि पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होते, आवाज मात्र त्यानं बदलत नाही. मुलगा होऊ पाहणाऱ्याचा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोननं बदलतो, आणि मग मागे फिरत नाही. छाती दाबायला क्रेप बँडेज गुंडाळू नये. ते आवळत जातं, श्वास अडतो, बरगड्या दुखावतात.

[दृश्य : डीसी ऑफिसची, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीची पायरी.]

कागद शेवटी. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या 2019 च्या कायद्याखालचं ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, सोबत प्रतिज्ञापत्र. 2020 च्या नियमांत अर्जदार त्या जिल्ह्यात सलग एक वर्ष राहिलेला असावा, अशी अट आहे. कामाला कोल्हापूर नाहीतर गोवा आणि रेशनकार्ड खानापूरला, अशांची गाडी इथे अडते. त्याच नियमांत प्रमाणपत्रासाठी 30 दिवसांची मुदत होती आणि वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. नियम बदलतात; अर्जाच्या दिवशी पोर्टलवर वाचूनच पुढे जावं. कर्नाटकात 2021 पासून सरकारी नोकरभरतीत एक टक्का आरक्षण आहे, त्यासाठीही हा कागद कामाचा.

नवं नाव निवडताना एक सीमाभागी खबरदारी. ‘प्रज्ञा’चं इंग्रजी स्पेलिंग मराठी शाळेत एक, कन्नड कचेरीत दुसरं. आधारवर एक आणि पॅनवर दुसरं झालं की पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा रांग. मीना, सावित्री, किरण – दोन्ही भाषांत सारखं उतरणारं नाव पुढची वणवण वाचवतं.

[दृश्य : स्वयंपाकघर. ताट वाढलेलं.]

घरचे मात्र नावाआधी क्रियापदाशी झगडतात. ‘तो’ म्हणवत नाही, ‘ती’ जिभेवर येत नाही. मग आई मधली वाट काढते : ‘पोरगं जेवलं काय?’ मराठीच्या नपुंसकलिंगाची एवढी सोय कन्नड-मराठीच्या या वेशीवर रोज कुठल्या ना कुठल्या घरात वापरली जाते. काही आया वर्षानुवर्षं तिथेच थांबतात. तेवढ्यानं भागत असेल तर भागू द्यावं. नसेल, तर एका वेळी एकच शब्द दुरुस्त करावा, आणि तोही तिचं जेवण झाल्यावर.