नाल्याला काठ परत द्या

अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून उतरलेलं पाणी नाग नदी होऊन नागपूर शहरात शिरतं. वाटेत तिला मिळणारे नाले कुठे घरांना, तर कुठे सार्वजनिक बागांना खेटून वाहतात. काठ मात्र बहुतेक ठिकाणी एकच. सिमेंटची भिंत.

२३ सप्टेंबर २०२३. पहाटेपर्यंतच्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. तलाव ओसंडला, खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं, माणसं दगावली. अगदी काठावर घर असेल तिथे भिंत लागेलच, त्यात वाद नाही. पण बागेत कशाला? तिथे पाण्याला पसरायला जागा आहे. ती जागा त्याला द्यावी, एवढंच आमचं म्हणणं.

बागेत भिंतीऐवजी मातीचा, झाडांचा काठ करायचं काम उन्हाळ्यात सुरू करायचं, धार बारीक असते तेव्हा. त्याआधी सांडपाणी थांबलं पाहिजे. घाण वाहत राहिली तर वरची लागवड निव्वळ सजावट ठरेल. मग बेशरम ही झुडुपासारखी वाढणारी वनस्पती काढायची, मुळासकट. तिचा तोडलेला तुकडाही ओलीत पुन्हा रुजतो, म्हणून नाल्यात काहीच टाकायचं नाही.

आता उभा काठ उतरता करायचा आणि पहिल्या पावसात पाण्यालगत वाळा लावायचा. उन्हाळ्यात ज्याच्या पडद्यांवर आपण पाणी मारतो, तोच. त्याची मुळं सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि माती घट्ट धरतात. त्यामागे करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. यांच्या सावलीत पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. मासे त्यावर जगतात. चतुर या उडत्या कीटकाची पिल्लंही पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. झाडोऱ्यामुळे डास वाढतील, या भीतीला हे उत्तर आहे.

एखादा उभा मातीचा कडा मात्र मुद्दाम राखायचा. खंड्या त्यात बीळ कोरून अंडी घालतो. सिमेंटमध्ये तो काय कोरणार?

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ अंशांवर जातो, कोवळी रोपं करपतात. पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना पाणी द्यावं लागेल, आणि काठाचं गवत ‘साफसफाई’त कापलं जाऊ नये, हे बागेच्या माळ्यांपासून सकाळी फिरायला येणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगावं लागेल.