क्लीटखालची पाचर

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याला समुद्र नाही, पण खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या होड्या फिरतात, आणि त्यांची बारीकसारीक दुरुस्ती बऱ्याचदा आपली आपणच करावी लागते. आज त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलतो. होडीवर क्लीट, म्हणजे दोर अडकवायचा खुंटा, दिवा किंवा छोटा पंप बसवताना त्याच्याखाली घालायची पाचर.

होडीचा डेक, म्हणजे वरचा पृष्ठभाग, क्वचितच सपाट असतो, क्लीटचा तळ मात्र सपाट. मधली फट आपण बोल्ट आवळून मिटवायला जातो आणि तिथेच घात होतो. फायबरच्या वरच्या चकचकीत थराला बारीक तडे जातात, पाणी शिरतं, आणि आत प्लायचा किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असेल तर तो कुजायला लागतो. वरून काही दिसत नाही. डेक पायाखाली दबू लागला की मग कळतं.

पाचर कशाची करायची? बोहरी आळीत मरीन प्लाय मागितलात की आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. त्याचा डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही. तरी कापलेली कड पाणी पितेच. म्हणून आधी आकार द्या, भोकं पाडा आणि मगच सगळीकडून इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या राळेचे, दोन-तीन हात द्या. इपॉक्सी उन्हाने खराब होते, तेव्हा वरून रंग हवाच.

मी स्वतः एचडीपीई पसंत करतो, म्हणजे भाजी चिरायच्या जाड बोर्डाचं प्लॅस्टिक. पाणी शोषत नाही, साध्या करवतीने कापतं. काळं मिळालं तर तेच घ्या, उन्हात जास्त टिकतं. मात्र त्याला सिलिकॉनही नीट धरत नाही आणि इपॉक्सीही. तेव्हा दोन्ही बाजूंना ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ चिकट रबरी पट्टी, लावायची आणि बोल्टच्या दाबावर भिस्त ठेवायची.

आकार देणं वाटतं तेवढं अवघड नाही. क्लीटच्या जागी ८० नंबरचा पॉलिशपेपर, खरखरीत बाजू वर करून, चिकटपट्टीने लावा. पाचरीच्या तळावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारा आणि होडीच्या लांबीच्या दिशेने आखूड हातांनी ती घासत राहा. टेकते तिथल्या रेघा पुसल्या जातात. सगळ्या पुसल्या की डेकचा बाक पाचरीत उतरला.

पण पाचर कितीही सुरेख बसली तरी पाणी शिरतं ते भोकातून, आणि नेमकं तेच काम घाईत उरकलं जातं. बोल्ट ६ मिमीचा असेल तर डेकला १२ मिमीचं भोक पाडा. खालून साधी चिकटपट्टी लावून त्यात दाट कालवलेली इपॉक्सी भरा, आणि ती पूर्ण कडक झाली की मधोमध ६ मिमीचं भोक घ्या. आता ब्युटाइल टेप कधी गळलीच, तरी गाभा कोरडा राहतो. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने, म्हणजे शंकूच्या आकाराच्या ड्रिलने, थोडा उतार द्या, म्हणजे ब्युटाइल तिथे बोल्टभोवती कडं धरून बसते.

गोड्या पाण्यात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे बोल्ट चालतात. होडी अलिबाग-मुरूडला न्यायची असेल तर ३१६ च घ्या. खालून रुंद वॉशर हवा. आवळताना बोल्टचं डोकं पेचकसाने धरून ठेवा आणि नटच फिरवा, नाहीतर वरचं कडं पिळून सुटतं. ब्युटाइल सावकाश पसरते, तेव्हा आज थोडं आवळा, उरलेलं उद्या.